धुळवडीला सव्वीस माणसं आणि स्ट्रॉबेरी लावलेल्या बरगड्या

वाईच्या एका ताईंनी विचारलंय की धुळवडीला घरात सव्वीस माणसं जमणारेत, त्यात नऊ पोरं आणि तिघं माळकरी. धाकटे दीर अमेरिकेतून आलेत, त्यांना तिकडच्यासारख्या फळाचं ग्लेझ, म्हणजे चकचकीत पाक, लावलेल्या रिब्ज, म्हणजे बरगड्या, करून हव्यात. घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये दोन पट्ट्या पण मावत नाहीत, मग स्ट्रॉबेरी लावून कोळशावर एवढं सगळं जमेल का आणि मटण किती आणायचं?

जमतंय की ताई. मी सांगलीत बावीस वर्षं केटरिंग करते, लग्नाच्या ऑर्डरी कमी आणि घरगुती जास्त, म्हणजे डोहाळजेवण, बारसं, जत्रा, धुळवड असलंच. त्यामुळं असं 'व्हिडिओत बघितलं, आता करून द्या' मला नवीन नाही. आधीच एक गोष्ट सांगून टाकते, ती डोक्यात बसली की बाकी निम्मं काम झालं. बरगडी शिजवायचं काम पातेल्याचं आहे आणि फळाचं काम फक्त शेवटच्या दहा मिनिटांचं आहे. ही दोन कामं एकत्र केली की वाट लागते. मी लावून बघितलीये.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर आठ किलो चाप, म्हणजे मणक्यासकट तोडलेल्या बरगड्या, रात्रभर द्राक्षाच्या रसात आणि गुळात मुरवत ठेवले आणि सकाळी थेट कोळशावर टाकले. पाच मिनिटांत वरून काळे कुळकुळीत, आणि आत हाडापाशी लालभडक कच्चं. त्या घरातल्या आजी येऊन बघून गेल्या आणि नुस्तं म्हणाल्या, "पोरी, रस्सा तरी केलाय का गं?" रस्सा केलेला होता म्हणून त्या दिवशी इज्जत वाचली. कारण साधं आहे, साखर करपते. फळातली साखर तर आपल्या नेहमीच्या साखरेच्याही आधी रंग धरायला लागते, आणि बोकडाच्या बरगडीला मऊ व्हायला पाऊण-एक तास तरी पाहिजे. एका आचेवर दोघांचं जमत नाही.

दिरांनी तिकडं जे खाल्लंय ते बहुतेक डुकराचं. अमेरिकेत रिब्ज म्हटलं की सहसा डुकराच्याच, त्यातही पाठीच्या कण्याजवळच्या वेगळ्या आणि खाली पोटाकडच्या वेगळ्या. तिकडं एक ३-२-१ म्हणून पद्धत आहे, म्हणजे तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून आणि शेवटचा एक तास सॉस लावून, आणि भट्टी सगळा वेळ साधारण १०५ ते १२० डिग्री सेल्सिअसच्या मधे. बघा म्हणजे तिकडं पण सॉस शेवटीच लागतोय. पण तेवढी चरबी आपल्या बोकडाच्या बरगडीला नसते, सहा तास धुरात ठेवली तर चप्पल होईल. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलू नका. दीर म्हणतील स्मोकर लावू, पत्र्याच्या डब्याचा करू, तर त्यांना कोळसे पेटवायला बसवा, तेवढ्यात खूष होतात.

आता मटण. बोकडाला तेरा जोड्या बरगड्या असतात, म्हणजे मोजून सव्वीस. तुमची पण सव्वीसच माणसं, देवानंच हिशोब करून दिलाय असं वाटेल, पण मानेकडच्या पहिल्या दोन-तीन आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्यांना मांस नावाला असतं, आणि एका बरगडीवर कोण उठतंय. तुमच्याकडं माळकरी सोडून तेवीस खाणारे. मोठ्या माणसाला हाडासकट पाव किलो, पोराला दीडशे ग्रॅम धरा, म्हणजे पाच किलोच्या आसपास झालं. अकरा-बारा किलोच्या बोकडाच्या दोन्ही बाजूंचे चाप आणि सीना, म्हणजे छातीकडचा भाग, मिळून अडीच किलोच्या आगेमागे निघतात, म्हणजे दोन बोकडांच्या बरगड्या लागणार. रश्श्यासाठी वेगळं दोन किलो मिक्स घ्या, मांडी-खांदा-नळी. ते का हे पुढं सांगते.

धुळवडीच्या दिवशी मटणाच्या दुकानापुढं पहाटे पाचपासून रांग असते, तिथं उभं राहून "मला दोन बोकडांच्या अख्ख्या बरगड्या द्या" म्हणालात तर मागची माणसं तुम्हाला रंग न लावताच लाल करतील. तीन-चार दिवस आधी जाऊन सांगून ठेवा, होळीच्या संध्याकाळी मिळालं तर सगळ्यात बेस्ट. सांगताना हे शब्द वापरा: चाप सुटे करायचे नाहीत, तीन-तीन बरगड्यांची पट्टी ठेवायची, पाठीच्या मणक्याला मात्र प्रत्येक पट्टीत एक घाव घालून द्यायचा म्हणजे ताटात सोडवता येतं. सीना अख्खा ठेवून चार बोटं रुंद पट्ट्या. सवयीनं ते सत्तूर चालवत सुटतात आणि बारीक तुकडे करून देतात, म्हणून तोडताना तिथंच उभं राहायचं, फोन बघत बसायचं नाही. कोवळं बोकड मागा. आणि घरी आणल्यावर हाडाच्या बाजूला जो पातळ पापुद्रा असतो तो सुरीच्या टोकानं उचकटून फडक्यानं धरून ओढा, निघाला तर निघाला, कोवळ्या बोकडाचा नाही निघाला तरी बिघडत नाही.

कच्ची पपई लावू का असं बरेच जण विचारतात. मी बरगडीला लावत नाही. पपई मांस मऊ करते हे खरं, पण वरच्या वर पीठ करून टाकते, आणि रात्रभर राहिली तर पट्टी जाळीवर उचलताना मांस तिथंच राहतं आणि हाड हातात येतं. आणि आटवलेल्या फळाच्या पाकानं मटण मऊ होईल अशी आशा पण ठेवू नका, फळातला जो मऊ करणारा गुण असतो तो उकळला की मेला, खाली राहते ती चव आणि आंबटपणा.

शिजवायचं कसं, तर आपलं आळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता नुस्तं हळद-मिठात. यासाठी अमेरिकेची गरज नाही, आपल्या आज्या हेच करत आल्यात. मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात पळीभर तेल, तीन कांदे उभे चिरून, तमालपत्र, वीसेक मिरे, मग पाच किलो बरगड्या, दीडशे ग्रॅम आलं-लसूण वाटण, दोन चमचे हळद आणि साडेतीन मोठे चमचे मीठ. सगळं हलक्या हातानं वरखाली करून वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. पंधरा मिनिटांत मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, ताटातलं पाणी पण गरम होतं, मग तेच आत ओतायचं आणि बरगड्या जेमतेम बुडतील एवढं गरम पाणी वाढवायचं. आच बारीक. धो धो उकळू देऊ नका, नुस्तं बुडबुड वाजत राहिलं पाहिजे. कुकर नको, एक तर पट्ट्या मावत नाहीत आणि दुसरं म्हणजे एक शिट्टी जास्त झाली की हाडं एकीकडं आणि मटण एकीकडं.

किती वेळ हे घड्याळावर नाही, बोकडावर आहे. कोवळं असेल तर पाऊण तासात होतं, जून निघालं तर सव्वा तास. मी मधली बरगडी दोन बोटांत धरून जरा फिरवून बघते, ती मांसात हलली पाहिजे पण सुटून बाहेर येता कामा नये. तिथंच गॅस बंद. बरगडीभोवती जे पांढरं चिवट असतं ते वेळ देऊन शिजलं की चिकट मऊ होतं, रश्श्याला जो ओठ चिकटवणारा दाटपणा येतो तो त्याचाच. घाईत ते चिवटच राहतं आणि मग लोक म्हणतात ग्लेझ बिघडलं. बिचाऱ्या ग्लेझचा काय संबंध.

हे सगळं आदल्या रात्री उरकलं तर फार बरं, कारण थंड झालेली पट्टी घट्ट धरते आणि जाळीवर तुटत नाही. पण मार्च महिना आहे, पातेलं तसंच झाकून ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. पट्ट्या बाहेर काढून दोन-तीन पराती भरून पसरा, पंख्याखाली निववा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आळणी पाणी पण लहान भांड्यांत वाटून निववून फ्रिजमध्येच, आणि सकाळी खळखळून उकळल्याशिवाय वापरायचं नाही. होळीला फ्रिज पुरणानं भरलेला असतो हे मला माहितीये, शेजारणीचा मागा. जागाच नसेल तर धुळवडीला सकाळी सातला पातेलं चढवा आणि अकरापर्यंत निवायला वेळ द्या, त्या परिस्थितीत मटण पण सकाळीच आणा.

आता ग्लेझ. ग्लेझ म्हणजे दुसरं काही नाही, फळाचा आटवलेला आंबट-गोड-तिखट पाक. 'मटणाला गोड?' म्हणून घरातली मोठी माणसं नाक मुरडणार, सासूबाई तर नक्की. त्यांना सांगा की कटाची आमटी आठवा. आदल्या दिवशी पुरणपोळीबरोबर तुम्ही जी वाटी वाटी भुरकली त्यात चिंच आहे, गूळ आहे, तिखट आहे, मसाला आहे, आणि कोणी तिला गोड म्हणत नाही. ग्लेझचा तोल अगदी तसाच धरायचा. गोड जिभेला आधी लागता कामा नये, आंबट आणि तिखट आधी आणि गोड मागून. व्हिडिओवाले जे वाटीभर साखर आणि टोमॅटो केचप ओततात ते आपल्याकडं दोन घासांत नको होतं.

तुम्ही वाईत, म्हणजे पसरणी घाट चढला की स्ट्रॉबेरी. पुस्तकांचं गाव म्हणतात त्या भिलारपासून महाबळेश्वरपर्यंत मार्चमध्ये माल असतोच. मोठ्या दिसायला सुंदर पेटीतल्या घेऊ नका, बारकी, वेडीवाकडी, जॅमसाठी काढलेली मागा, स्वस्त पण मिळते आणि आंबट असते, आपल्याला आंबटच पाहिजे. दीड किलो घ्या. देठ काढून हातानंच कुस्करा, मिक्सरची गरज नाही. पसरट स्टीलच्या कढईत तीन चमचे तेलात पंधरा लसूण पाकळ्या ठेचून लालसर करा, मग स्ट्रॉबेरी, पाव किलो गूळ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. कढई पसरटच पाहिजे, कारण स्ट्रॉबेरीत दहात नऊ हिस्से पाणी असतं, उभ्या पातेल्यात ते आटता आटत नाही आणि जास्त वेळ शिजून रंग विटकरी होतो. पितळेचं बिनकल्हईचं भांडं तर अजिबात नको, आंबटानं कळकतं. वर येणारा फेस काढत राहा. अर्ध्यावर आलं की कांदा-लसूण चटणी तीन मोठे चमचे, मिरपूड, रंगासाठी चमचाभर काश्मिरी तिखट. चटणीत मीठ असतं म्हणून वेगळं मीठ चाखूनच.

चटणी घालायच्या आधी पोरांचं वाटीभर बाजूला काढा. आणि चटणी घातल्यावर, आळणी पाणी घालायच्या आधी, माळकऱ्यांचं वाटीभर बाजूला काढा. हा क्रम चुकवू नका, एकदा मटणाचं पाणी पडलं की तो पाक त्यांच्या कामाचा राहत नाही. त्यांच्यासाठी पनीर नाहीतर उकडलेले बटाटे नाहीतर मक्याची कणसं, वेगळा तवा, वेगळा ब्रश, आणि ते आधी भाजून आत नेऊन ठेवायचं. माझ्या वडलांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळं या बाबतीत मी जरा जास्तच कडक आहे.

मग उरलेल्यात कपभर आळणी पाणी घालून परत आटवा. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती भरून आली नाही की झालं. गरम असताना थोडं पातळच वाटेल, निवल्यावर घट्ट होतं, तिथं घाई करून जास्त आटवलं तर चिक्की तयार. शेवटी दोन लिंबं पिळा.

आता माझी खरी आवड सांगू का? स्ट्रॉबेरी दिसायला भारी, फोटोत छान येते, पण बरगडीला बेदाणा जास्त शोभतो. मी तासगावकडची, मी असंच म्हणणार, पण कारण पण आहे. बेदाण्याचं पाणी शेतकऱ्यानं शेडवर आधीच वाळवून काढलंय, तुम्हाला तासभर कढईपाशी उभं राहावं लागत नाही. चारशे ग्रॅम बेदाणा कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, हे गरजेचं आहे कारण वाळवायच्या आधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात आणि पिवळ्या मालाला गंधकाची धुरी पण दिलेली असते. मग दोन कप गरम पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यात वाटा, लसणाच्या फोडणीत घाला, चिंच स्ट्रॉबेरीच्या पाकात घातली त्याच्या दुप्पट आणि गूळ नावाला. पंधरा मिनिटांत पाक तयार, आणि तो पट्टीला असा धरून बसतो की ओघळत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला त्याच्या आधी २०१० ला, म्हणजे भांडण बरोबरीचं आहे. तुम्ही दोन्ही करा, अर्ध्या पट्ट्यांना हे आणि अर्ध्यांना ते, मापं अर्धी करून. ताजी द्राक्षं वापरायची असतील तर काळी घ्या आणि साल गाळून टाका. डाळिंबाचा रस आटवून पण फार सुंदर होतं, फक्त मिक्सरमध्ये बिया दळल्या की कडू, तिकडं लक्ष पाहिजे.

भट्टीसाठी विकतचा बार्बेक्यू नको. अंगणात विटांच्या दोन रांगा, तीन विटा उंच, मधे कोळसा, वर लोखंडी सळ्यांची जाळी, वेल्डिंगवाला तासाभरात करून देतो. कोंबड्यांच्या खुराड्याची चकचकीत जस्ताची जाळी मात्र कोणी आणून दिली तरी वापरू नका, तापली की जस्ताचा धूर निघतो आणि तो चांगला नाही. कोळसा लाकडाचा, आणि रॉकेल ओतून पेटवायचा नाही, वास मटणात उतरतो, नारळाच्या शेंड्या आणि गोवऱ्या आहेत की. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. आणि सगळा कोळसा एका बाजूला ओढून ठेवा, दुसरी बाजू रिकामी. चरबी टपकून भडका उडाला की पट्टी उचलून रिकाम्या बाजूला सरकवायची, पाणी मारत बसायचं नाही, राख उडते.

पट्ट्या फडक्यानं कोरड्या करून तेलाचा हात फिरवा. आधी हाडाची बाजू खाली, पाच मिनिटं, मग उलटून तीन मिनिटं, अजून ग्लेझचा हात लावलेला नाही. मटण आतपर्यंत गरम झालं की पहिला पातळ हात द्या, मिनिटभर, उलटा, दुसरा हात, मिनिटभर, परत. तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी बरे, जाड थर बाहेरून करपतो आणि आतून ओला राहतो. ब्रश नसेल तर कांद्याच्या पातीची जुडी बांधा, पात पण भाजत जाते आणि वास येतो, तो वेगळाच. कडेला बारीक काळे ठिपके यायला लागले की उचला. एका जाळीवर आठ-दहा पट्ट्या बसतात, म्हणजे दोन घाण्यांत तुमचं काम झालं, पाऊण तास धरा. ओव्हनचा वापर करायचाच असेल तर तयार पट्ट्या गरम ठेवायला करा.

आणि ते दोन किलो मिक्स मटण आणि उरलेलं आळणी पाणी, हाच खरा या जेवणाचा आधार. मटण त्याच आळणी पाण्यात शिजवा, अर्ध्याचं भाजलेलं खोबरं-तीळ-कांद्याचं वाटण लावून तांबडा रस्सा, अर्धं मिरपूड आणि तूप घालून पोरांना आणि म्हाताऱ्यांना प्यायला. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, साधा भात. नुसत्या बरगड्यांवर सव्वीस माणसं जेवायला घालायची म्हटली तर दहा किलो पण पुरणार नाहीत आणि पैसे किती जातील ते वेगळंच. बरगडी चवीला आणि रस्सा पोटाला असं धरून चला.

पाक उरला तर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पण ज्यात ब्रश बुडवला तो नाही, वेगळा ठेवलेलाच. आळणी पाणी घातलेला दोन-तीन दिवसांत संपवायचा, माळकऱ्यांचा आठवडाभर राहतो आणि थालीपिठाबरोबर झकास लागतो.

आणि जो कोणी भट्टीवर उभा राहील, दीर असोत नाहीतर तुम्ही, त्याची एक पट्टी पहिल्याच घाण्यातून काढून झाकून आत ठेवा आणि कुठं ठेवली ते कोणाला सांगू नका. मला हे तीन ऑर्डरींनंतर कळलं, तिन्ही वेळा मी नुस्ता रस्सा-भाकरी खाऊन घरी गेले होते.